दोन क्लाउड, एक ताई

पुण्यात अकरा वर्षं नोकरी केली आणि आईच्या गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा मी परत आले. परत आले म्हणजे छत्रपती संभाजीनगरला. आई अजूनही औरंगाबादच म्हणते आणि तिच्याशी बोलताना मीही तेच म्हणते. कंपनी पुण्याचीच राहिली. तिनं इथं तीन खोल्यांची शाखा काढली आणि मला शाखाप्रमुख करून टाकलं. प्रमुख म्हणजे काय, तर वीज गेली की इन्व्हर्टर बघणारी आणि पुण्याहून फोन आला की उचलणारी. पण कामाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नव्हते. माझा स्वभाव तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात अर्धा वाटा त्या स्वभावाचा आहे.

आमचं काम साखर कारखान्यांचं. साखर करण्याचं नव्हे, कारखान्यांच्या संगणकांना एकमेकांशी बोलतं ठेवण्याचं. गळीत हंगामात शेतकऱ्याच्या मोबाइलवरचं ॲप विचारतं, माझ्या उसाची तोड कधी? कारखान्याचा वजनकाटा विचारतो, हा ट्रॅक्टर कुणाचा आणि याची पाळी आज आहे का? वाहतूकदार विचारतो, बँक विचारते, शेतकी विभागाचा माणूस बांधावर उभा राहून विचारतो. हे सगळे प्रश्न ज्या वाटेनं जातात तिला आमच्या धंद्यात एपीआय म्हणतात. येणारी प्रत्येक हाक एकाच दारातून आत घ्यायची, हाक मारणारा खरा आहे का ते बघायचं, त्यानं किती वेळा हाक मारावी याला लगाम घालायचा आणि ती नेमक्या ठिकाणी पोचवायची. त्या दाराला गेटवे म्हणतात, आणि ते दार आम्हा तिघांच्या ताब्यात होतं.

दुसऱ्या दिवसाच्या पाळ्या ॲपवर लागल्या की सगळा तालुका एकदम त्या दारावर येतो. तासाभरानं तिथं चिटपाखरू नसतं. म्हणून गर्दी वाढली की दारामागची यंत्रं आपोआप वाढली पाहिजेत आणि ओसरली की कमी झाली पाहिजेत. हे आम्हाला जमलेलं होतं. पण ते सगळं उभं होतं एकाच क्लाउडवर. क्लाउड म्हणजे कुणाच्या तरी भल्यामोठ्या इमारतीतले भाड्याचे संगणक. नाव ढगाचं, पण असतात जमिनीवरच, आणि बंदही पडतात.

मागच्या हंगामात ते एका सकाळी बंद पडले. काट्याला उत्तर मिळेना. ट्रॅक्टरांची रांग कारखान्याच्या फाटकापासून मोठ्या रस्त्यापर्यंत गेली आणि तोडलेला ऊस उन्हात वाळत राहिला. माझ्या दोन सहकाऱ्यांपैकी एक गंगापूरचा. तिशी ओलांडलेला, दोन मुलींचा बाप, शांत माणूस. त्याचे वडील त्या दिवशी त्याच रांगेत होते. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी पोराला एवढंच विचारलं, "तुमचंच व्हय रे ते?" त्यानं ही गोष्ट मला आठवडाभरानं सांगितली, तीही मान खाली घालून.

हंगाम संपल्यावर पुण्याचे साहेब स्वतः गाडी घेऊन आले. गोड बोलणारे गृहस्थ आहेत. गोड बोलायला लागले की मी खुर्चीत सरळ होऊन बसते. ते म्हणाले, पुढच्या हंगामापर्यंत गेटवे दोन वेगवेगळ्या क्लाउडवर उभा करा. एक गेला तरी काटा थांबता कामा नये. कारखान्यांचे संगणकप्रमुख ऐन हंगामात येऊन परीक्षा घेतील. पास झालात तर काम इथंच राहील. नाही झालात तर पुण्याच्या टीमकडे जाईल, आणि तुम्हा तिघांना पुण्यात जागा आहेच, यायचं असेल तर.

यायचं असेल तर! आईला दुसऱ्या मजल्यावर चढता येत नाही, तिला घेऊन मी पुण्यात कुठं फिरणार होते? गंगापूरवाल्याची शेती आणि म्हातारे आईवडील इथं. दुसरी सहकारी जुन्या शहरातली, शहागंजची. सासूसासरे, दीर, नणंद अशा भरल्या घरातून ती रोज स्कूटीवर ऑफिसला यायची आणि तिच्या नवऱ्याचं दुकान त्याच गल्लीत होतं. तिघांपैकी कुणालाच हलता येणार नव्हतं, आणि साहेबांना हे पुरतं माहीत होतं. ते गेल्यावर मी दार जरा जोरातच आपटलं.

मग आम्ही कामाला लागलो. दुसरी सोय करून ठेवणं आम्हाला शिकवावं लागत नाही. ज्या शहरात नळाच्या पाण्याची दिवस मोजून वाट बघावी लागते तिथं प्रत्येक घरात खाली हौद, वर टाकी आणि मोरीत पिंप असतं. तसंच हे. दोन क्लाउड, दोन्हीकडं तंतोतंत तीच दारं, दोन्हीकडचे नियम एकाच ठिकाणी लिहिलेले. एकीकडं बदल केला की दुसरीकडं आपोआप व्हायचा. पुढं एक पत्ता सांगणारी यंत्रणा, जी दर काही सेकंदांनी दोन्ही दारांना ठोठावून बघते आणि जे उघडत नाही त्याचा पत्ता देणं बंद करते. कागदावर हे इतकं देखणं दिसत होतं की मी तो कागद भिंतीवर चिकटवला.

पण कागदावर माझा विश्वास नाही. बंद पाडून बघितल्याशिवाय खरं कळत नाही, आणि आपण होऊन कुणी स्वतःचं काम बंद पाडत नाही. उपाय मला आमच्या हडको वसाहतीतल्या भिशीत सापडला. आम्ही गल्लीतल्या बायका दर महिन्याला कुणाच्या तरी घरी जमतो, चिवडा खातो आणि स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी काढतो. जिचं नाव निघेल तिचा नंबर. तिथं कुणाचा वशिला चालत नाही, नवऱ्याच्या हुद्द्याचा तर मुळीच नाही. मी दुसऱ्या दिवशी तसाच एक डबा ऑफिसात नेला. प्रत्येकानं चिठ्ठीवर एकेक गोष्ट लिहायची. दर गुरुवारी सकाळच्या चहानंतर एक चिठ्ठी काढायची आणि तिच्यावर जे असेल ते संध्याकाळी पाचपर्यंत बंद ठेवायचं. हंगाम नव्हता, तेव्हा हाकाही आम्हीच यंत्रानं मारायच्या, ऐन हंगामासारख्या. आणि नियम असा की निघालेली चिठ्ठी, नकोशी असली तरी, परत डब्यात जात नाही.

चिठ्ठी काढायची मावशींनी. मावशी म्हणजे आमच्याकडं झाडलोट आणि चहा बघणाऱ्या बाई. देवगाव रंगारीच्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. पुण्याच्या साहेबांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, "तुम्ही तिथं भिशी लावली आहे का?" म्हटलं, हो, लावली आहे. ते हसले, आणि मला त्यांचं हसणं आवडलं नाही.

पहिल्याच महिन्यात भिशी फळाला आली. एका चिठ्ठीत पहिला क्लाउड निघाला. तो बंद केला, दुसरा मुकाट उभा राहिला, आम्ही टाळ्या वाजवायच्या बेतात होतो, आणि बघतो तर दोन कारखान्यांचे काटे अजून पहिल्याच दाराशी उभे. काट्यावरचे संगणक जुने. एकदा ऐकलेला पत्ता ते पुन्हा सुरू करेपर्यंत सोडतच नव्हते. गंगापूरवाला दोन आठवडे एसटीनं आणि जीपनं कारखाने फिरला आणि एकेका काट्याला नवा पत्ता विचारायची सवय लावून आला. कन्नड तालुक्याच्या बाजूला तर त्याला काट्यावरच्या माणसांनी भाकरी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही.

दुसऱ्या एका चिठ्ठीनं लगामाची गडबड उघडी पाडली. दोन्ही दारं हाकांची मोजणी वेगवेगळी ठेवत होती, त्यामुळं एखादं हावरट ॲप दोन्हीकडून दुप्पट हाका मारून घ्यायचं. ते शहागंजवालीनं दुरुस्त केलं. ती काम करताना स्वतःशीच बडबडते, निम्मी मराठीत आणि निम्मी दखनीत. दुरुस्त झालं की टेबलावर एक थाप मारते, मग आम्हाला कळतं.

त्यानंतर मात्र चार गुरुवार काहीच बिघडलं नाही. काहीही निघो, बंद करा, दुसरं उभं. गंगापूरवाला खूश होता. मला चैन पडेना. एका दुपारी मी डबा उघडून उरलेल्या चिठ्ठ्या वाचून काढल्या आणि माझं डोकंच फिरलं. तिघांनीही त्याच गोष्टी लिहिल्या होत्या ज्यांची आम्हाला खात्री होती. पेपर आम्हीच काढत होतो आणि आम्हीच सोडवत होतो. मीही त्यात होते, माझं अक्षर मला ओळखता येत होतं.

"इथून पुढं मावशीही चिठ्ठी लिहिणार," मी म्हटलं.

मावशी कपबशा विसळत होत्या. "मला काय कळतंय त्यातलं?" त्या म्हणाल्या.

"म्हणूनच. चार वर्षं तुम्ही आम्हाला बघताय. काय बंद पडलं तर या लोकांची तारांबळ उडेल असं तुम्हाला वाटतं, ते लिहा."

त्यांनी हात पुसले, माझ्याकडं थोडा वेळ बघितलं, आणि पाठमोऱ्या होऊन काहीतरी लिहून डब्यात टाकलं. पुढचा गुरुवार दसऱ्याच्या आदल्या आठवड्यातला. त्या दिवशी मी म्हटलं, आता हंगाम तोंडावर आला, आज दोन चिठ्ठ्या काढू. पहिली निघाली, पहिला क्लाउड. ते नाव आमच्या सवयीचं झालं होतं, कुणी मानही वर केली नाही. दुसरी मावशींनी उघडली आणि माझ्या हातात दिली. तिच्यावर एकच शब्द होता. ताई.

शहागंजवाली खिडकीबाहेर बघायला लागली.

"हे काय?" मी विचारलं.

मावशी म्हणाल्या, "कायबी झालं की समदे ताई, ताई करत पळतेत. म्या रोज ऐकते. म्हणून लिवलं."

मला राग आला. राग लपवणं मला कधी जमलेलं नाही. मी म्हटलं, माणूस काय बंद करायची गोष्ट आहे? त्यावर गंगापूरवाला अगदी हळू आवाजात म्हणाला, "नियम तुमचाच हाय ताई. निघालेली चिठ्ठी परत जात नाय." मी फोन बंद केला, लॅपटॉप बंद केला, दोन्ही कपाटात ठेवून कपाटाची किल्ली मावशींच्या हातात आपटली आणि पर्स घेऊन बाहेर पडले. अकराची वेळ. इतक्या उजेडात कामाच्या दिवशी मी हे शहर कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. काय करावं ते सुचेना म्हणून घरी गेले.

आई दारात भाजी निवडत बसली होती. मला बघून तिनं चष्मा वर केला. "काय गं, काढलं व्हय तुला?"

"नाही काढलं. सुट्टी आहे."

"सुट्टी कशाची? गुरुवारची?"

मी भाजी निवडायला घेतली आणि मेथीच्या काड्यांवर राग काढला. दिवसभर मनाशी एकच चाललेलं, बघू दे त्यांना, संध्याकाळपर्यंत सगळं ठीक चाललं म्हणजे मावशींच्या चिठ्ठीचा निकाल लागला. आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात उलटंही वाटत होतं. काहीतरी अडावं. जरासंच, पण अडावं. हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

पाचला परत गेले तर मावशींसकट तिघंही पडद्यासमोर बसलेले. पडद्यावर लाल रेषा पसरलेली. काय झालं ते गंगापूरवाल्यानं सांगितलं. पहिला क्लाउड बंद केल्यावर दुसऱ्यानं सगळा भार घेतला, अगदी व्यवस्थित. दुपारी पाळ्या लागायच्या वेळेला आमच्या बनावट हाका वाढल्या, तशी दुसऱ्या क्लाउडवरची यंत्रंही वाढत गेली. वाढत वाढत त्या क्लाउडनं आम्हाला घालून दिलेल्या कमाल मर्यादेला टेकली. मर्यादा वाढवायला फार तर दोन मिनिटं लागतात. पण ती वाढवायची सगळे हक्क असलेल्या मालकाच्या खात्यातून, आणि त्या खात्यात शिरताना ओटीपी येतो माझ्या फोनवर. माझा फोन कपाटात बंद.

"मग कपाट उघडायचं ना," मी ओरडले. "दोन तास हाका परत जात होत्या आणि तुम्ही नुसते बघत बसलात?"

शहागंजवाली शांतपणे म्हणाली, "ताई, हंगामात तुम्ही ॲडमिट असला, नाही तर घाटात रेंज नसली, तर कपाट कुठनं आणायचं आम्ही?"

मी खुर्चीत बसले. मावशींनी न विचारता चहा आणून ठेवला.

हे असं झालं कसं, याचा मी पुढं खूप विचार केला. आमच्या घराण्यात शिकलेली पहिली मीच. त्यामुळं आईचा गॅस माझ्या नंबरवर, भावाच्या घराची घरपट्टी माझ्या नंबरवर, कन्नडच्या माझ्या सख्ख्या मावशीची सरकारी योजना, चुलतभावाच्या पोरीचा कॉलेजचा फॉर्म, सगळ्यांचे ओटीपी माझ्याच फोनवर येतात. बसमध्ये असले तरी फोन यायचा, ताई, आकडा सांग. मी कुरकुरत सांगायची, आणि आतून मला ते आवडायचं. ऑफिसातही मी तेच केलं होतं. माणसं येतात, दोन वर्षं शिकतात आणि पुण्याला जातात, राहते ती मी, म्हणून प्रत्येक खातं माझ्या नंबरवर. दोन क्लाउड, दोन दारं, दोन्हीकडं सारखे नियम, आणि दोघांच्या मधोमध एकच ताई. माझ्यावाचून पान हलत नाही याचा मला अभिमान होता. तो अभिमानच आमच्या यंत्रणेतला सगळ्यात कच्चा भाग होता आणि मी त्याचा नकाशा भिंतीवर काढला नव्हता.

पुढचा महिनाभर मी स्वतःला वाटून टाकत होते. खात्यात शिरायला ओटीपीऐवजी बोटाएवढ्या सुरक्षा-किल्ल्या घेतल्या, संगणकाला लावायच्या. तिघांना तीन, आणि एक चौथी पुण्यात. तिघांपैकी कुणीही मालकाच्या खात्यात जाऊ शकेल अशी सोय केली. ते सोपं होतं, एका आठवड्यात उरकलं. अवघड होतं ते डोक्यातलं बाहेर काढणं. अमक्या कारखान्याच्या काट्याला वेगळा नियम का, तमक्या बँकेची हाक दोनदा का तपासायची, भार वाढला तर आधी कशाला हात लावायचा आणि कशाला लावायचा नाही. मी रोज लिहायला बसायची आणि लिहिता लिहिता दुखायचं. एक गोष्ट लिहून झाली की ती माझी राहायची नाही. दोनदा तर मी लिहिलेलं पुसलं आणि परत लिहिलं. दिवाळीच्या फराळाच्या डब्यांमध्ये बसून गंगापूरवाल्यानं आणि शहागंजवालीनं ते सगळं वाचलं, चुका काढल्या, आणि माझ्या काही जुन्या निर्णयांना हसलेसुद्धा. मी ऐकून घेतलं. एक नियम मात्र मीच नवा घातला. जो कामावर नाही त्याला फोन करायचा नाही. आपल्या हिमतीवर करायचं, चुकलं तर चुकलं.

हंगाम सुरू झाला. संक्रांत झाली आणि कारखान्यांच्या संगणकप्रमुखांचा निरोप आला. साठीकडं झुकलेले गृहस्थ, तरुणपणी काट्यावर कारकून होते असं मी ऐकलं होतं. मी त्यांच्यासाठी ऑफिसात सगळी मांडामांड केली होती, मोठा पडदा, त्यावर आलेख. निरोप असा होता की ऑफिसात नको, गंगापूरच्या पलीकडच्या कारखान्याच्या काट्यावर या, आणि तुम्ही एकट्याच या. लॅपटॉप आणू नका.

सकाळी नवाला मी पोचले. थंडी होती, चिमणीचा धूर सरळ वर जात होता आणि मळीचा वास सगळीकडं पसरलेला. जोडट्रेलरचे ट्रॅक्टर फाटकातून काट्यापर्यंत ओळीनं उभे. संगणकप्रमुख साहेब काट्याच्या खोलीबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मला दुसरी खुर्ची दिली आणि म्हणाले, "पडद्यावरचे हिरवे दिवे मी खूप बघितलेत बाई. आज मला ट्रॅक्टर बघायचेत."

मग त्यांनी खरोखर ट्रॅक्टरच बघितले. एक ट्रॅक्टर काट्यावर चढायचा. आतला माणूस नंबर टाकायचा. ती हाक आमच्या दारातून जायची, उत्तर यायचं, पावती बाहेर पडायची, ट्रॅक्टर खाली उतरायचा. मी प्रत्येक पावतीबरोबर श्वास सोडत होते. चहा आला, तो झाला. साहेबांनी घड्याळ बघितलं. मला वाटलं, हे मुद्दाम गर्दीची वेळ गाठणार. एवढ्यावर तीन घरं अवलंबून आहेत हे त्या खुर्चीवर बसल्या बसल्या मला सारखं जाणवत होतं.

सव्वादहाला त्यांनी फोन काढला, आमच्या ऑफिसला लावला आणि आवाज मोठा केला. मला हातानं गप्प राहायची खूण केली.

"तुमच्या मॅडम माझ्यापाशी बसल्यात. त्या बोलणार नाहीत. आता एक करा, तुमचा पहिला क्लाउड बंद करा."

पलीकडं गंगापूरवाला होता. तो म्हणाला, "साहेब, तो बंदच हाय."

"म्हणजे?"

"साडेनवालाच गेला. आमी नाय केला, त्यांच्याकडंच कायतरी बिघडलंय. आमचीच नाय, तिथं असलेल्या लई जणांची कामं बंद पडलीत म्हणतेत. आपलं सगळं दुसऱ्यावर चालू हाय तवापासून."

साहेबांनी फोन तसाच हातात धरला आणि काट्याकडं बघितलं. एक ट्रॅक्टर खाली उतरत होता, चालकाच्या हातात पावती होती. मागचा वर चढला. साहेब उठले आणि खोलीच्या खिडकीत गेले.

"सकाळपासून कुठं अडकलं का रे?" त्यांनी काट्यावरच्या माणसाला विचारलं.

"नाय साहेब."

"साडेनवाला काय झालं?"

त्यानं आठवायचा प्रयत्न केला. "साडेनवाला? साडेनवाला म्या चहा पिलो."

साहेब इतके हसले की त्यांना खोकला आला. मी गप्प राहायचा नियम मोडला आणि फोनकडं वाकून विचारलं, "मर्यादा लागली का? दुसऱ्यावरची?"

शहागंजवालीचा आवाज आला, "लागणार होती ताई. मी आधीच वाढवली ना, माझ्या किल्लीनं. दहा वाजता. टेन्शन नक्को लो."

पाऊण तास. जिच्यासाठी आम्ही अख्खं वर्ष घाम गाळला होता ती घटना होऊन पाऊण तास झाला होता, मी काट्यापासून दहा हातांवर बसले होते, आणि मला कुणी कळवलंही नव्हतं. पहिल्यांदा मला जे टोचलं ते खरंच टोचलं, खोटं का बोलू. कुणाला माझी आठवणही झाली नाही? आणि लगेच त्याच्या मागून असा आनंद चढत आला की मला नीट बसवेना. कुणाला माझी आठवण झाली नव्हती! दोन माणसं, माझी माणसं, कुणाला हाक न मारता उभी राहिली होती आणि इथं ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर काट्यावरून उतरत होते.

साहेबांनी माझ्यासमोरच पुण्याला फोन लावला. जास्त बोलले नाहीत. "मी बंद करणार होतो ते देवानंच आधी बंद करून ठेवलं होतं," ते म्हणाले, "आणि माझ्या काट्यावरच्या माणसाला ते कळलंही नाही. काम आहे तिथंच राहू द्या. हलवायचा विचार असला तर आम्हाला आधी विचारा." पलीकडून पुण्याचे साहेब काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण या वेळी हसल्याचा आवाज नव्हता.

मी माझा फोन काढला आणि ऑफिसला लावला. साहेबांनी काय सांगितलं ते दोघांना सांगितलं. पलीकडून टेबलावर एक थाप ऐकू आली. मी म्हटलं, "मी निघतेच आता. पहिला क्लाउड परत येईल तेव्हा भार एकदम टाकू नका, हळूहळू सोडायचाय. मी बारापर्यंत पोचते, मग बघू."

"आमी सोडू ना हळूहळू. लिवलंय की तुमी," गंगापूरवाला म्हणाला. "तुमी आता आमच्या घरी जा. आईला सांगितलंय, सैपाक तयार हाय. आरामात जेवून या ताई. इथं तुमचं काय काम नाय."

वर्षभरापूर्वी हे वाक्य मला कुणी ऐकवलं असतं तर मी त्याला तिथल्या तिथं फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी मी काट्याच्या खोलीमागं जाऊन ओढणीनं डोळे पुसले, आणि गंगापूरला जाऊन पोटभर जेवले.